ग्रंथ विकत घेतला, कीं भाड्यानें आणला?

ज्यास बाजारांत 'ई-रीडर' म्हणतात, तें वाचनयंत्र आपल्या मध्यम वर्गाच्या घरांत शिरूं लागल्यापासून त्याजविषयीं जो वाद ऐकूं येतो, तो ऐकून आम्हांस नेहमीं असें वाटत आलें आहे कीं, दोन्ही पक्ष भांडत आहेत जोरानें, पण भलत्याच अंगणांत. एक पक्ष म्हणतो, कागदाचा वास, पानांची सळसळ आणि कपाटांतील बांधीव पुस्तकांची रांग ज्यांत नाहीं, तें वाचन कसलें? दुसरा म्हणतो, तळहाताएवढ्या पाटींत हजार ग्रंथ मावतात, आतां कपाटें विकून टाका! पहिला भावनेच्या भरांत बोलतो, दुसरा जाहिरातीच्या भाषेंत. ज्या प्रश्नाशीं आपल्या घरांतील पुढच्या पिढीचा संबंध आहे, तो प्रश्न दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं. तो प्रश्न असा कीं, या यंत्रावर पैसे मोजून घेतलेला ग्रंथ अखेर कोणाचा? गेले सहा महिने असें एक यंत्र आम्ही ग्रंथवाचनासाठीं आणि कामाच्या कागदपत्रांसाठीं नित्य वापरीत आहों. त्या अनुभवाच्या आधारें हा प्रश्न वाचकांपुढें मांडावा, हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम यंत्रास न्याय देणें अवश्य आहे. ज्यांनीं तें हातीं धरलेलें नाहीं, ते त्यास मोबाइलचा मोठा भाऊ समजतात; पण ती समजूत बरोबर नव्हे. मोबाइलचा पडदा आंतून प्रकाश फेकतो. याच्या पडद्यावरील अक्षर छापील अक्षराप्रमाणें बाहेरच्या उजेडांत दिसतें. पडद्याच्या आंत केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असून प्रत्येक कुपींत पांढरे व काळे असे परस्परविरुद्ध विद्युत्-भाराचे कण असतात. विजेचा दाब पालटला कीं एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे खालीं जातात. पान एकदां उमटलें म्हणजे तें टिकवून धरण्यास वीज लागत नाहीं. त्यामुळें एकदां भरलेली वीज कित्येक दिवस पुरते. हें तंत्र अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत जन्मास आलें आणि १९९७ मध्यें त्यासाठीं ई इंक ही कंपनी निघाली. २००४ मध्यें सोनी कंपनीनें जपानांत अशा पडद्याचें पहिलें वाचनयंत्र विक्रीस आणलें, आणि नोव्हेंबर २००७ मध्यें अमेरिकेंत अ‍ॅमेझॉनचें किंडल निघालें. तेव्हांपासून या व्यवहारास खरा वेग आला.

अनुभव विचाराल तर पहिल्या आठवड्यांतच आमचे बरेचसे पूर्वग्रह गळून पडले. दुपारच्या लख्ख उन्हांत गॅलरींत बसून वाचतां येतें. डोळे शिणत नाहींत. गर्दीच्या लोकलमध्यें एका हातानें कडी धरून दुसऱ्या हातानें सहाशें पानांची कादंबरी सहज पेलतां येते. सर्वांत मोठा लाभ घरांतील वृद्धांचा. बारीक टाइपाच्या जुन्या आवृत्त्या ज्यांनीं डोळ्यांच्या अडचणीपायीं मिटून ठेवल्या होत्या, ते आतां अक्षर हवें तेवढें मोठें करून पुन्हां वाचूं लागले आहेत. एखाद्या आजोबांस दहा वर्षांनंतर पुन्हां कादंबरींत रमलेलें पाहणें, हा या यंत्राच्या बाजूचा असा पुरावा आहे कीं त्यापुढें कागदाच्या सुवासाची वकिली फिकी पडते. परदेशीं राहणाऱ्या मराठी कुटुंबांचीहि गोष्ट तशीच. जेथें पुस्तकाच्या किंमतीहून टपालखर्च अधिक होतो, तेथें क्षणांत येऊन पोंचणारा मराठी ग्रंथ ही लहानसहान सोय नव्हे.

तेव्हां केवळ नवें म्हणून या यंत्रास नाक मुरडणाऱ्यांस आम्ही एक जुनी आठवण देऊं इच्छितों. छापील पुस्तकासहि आपल्याकडे एकदां असाच विरोध सोसावा लागला होता. शाईंत चरबी असते म्हणून एकोणिसाव्या शतकांत सोंवळीं मंडळी छापील पोथीस शिवत नसत, आणि मुंबईच्या गणपत कृष्णाजींनीं चरबीऐवजीं तूप घालून शाई तयार केली, तेव्हां कोठें ती पोथी देवघरापर्यंत पोंचली. आज ज्यास आपण 'खरा ग्रंथ' म्हणून छातीशीं धरतों, तो त्या काळच्या कर्मठांच्या लेखीं बाटलेलाच होता! वास, स्पर्श, सळसळ हे सर्व संवयीचे विषय होत. त्यांजवर लेख लिहावेत, खटला उभारूं नये.

ग्रंथांविषयीं इतकें झालें. कागदपत्रांची कथा वेगळी आहे, आणि ती विक्रेते सांगत नाहींत. कादंबरीचा मजकूर पाण्यासारखा असतो. पडदा लहान असो कीं मोठा, तो त्यांत आपोआप बसतो. परंतु सरकारी निर्णय, न्यायालयाचे निकाल, सोसायटीचा ताळेबंद, विद्यापीठांतील प्रबंध हे सर्व आजकाल ज्या पीडीएफच्या रूपांत मिळतात, त्यांत पान जणूं गोठलेलें असतें. मोठ्या कागदासाठीं मांडलेलें तें पान सहा इंची पडद्यावर कोंबलें म्हणजे अक्षरें मुंगीएवढीं होतात. मोठीं करावीं तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. मग एकेक ओळ डावीकडून उजवीकडे ओढीत बसावें लागतें, आणि प्रत्येक ओढीस यंत्र क्षणभर विचारांत पडतें. जुन्या मराठी मासिकांच्या छायाप्रतींची गतहि हीच. अशा वाचनासाठीं दहा इंची मोठें यंत्र घ्यावें लागतें. त्याची किंमत ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळेल. ज्यास मुख्यतः कागदपत्रेंच वाचावयाचीं आहेत, त्यानें लहान यंत्राच्या मोहांत पडूं नये, हा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

मराठी मजकुराचे हालहि कांहीं थोडे नाहींत. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं ज्या निरनिराळ्या फाँटांत आपले ग्रंथ जुळविले गेले, त्यांतून तो मजकूर नव्या रूपांत आणतांना जोडाक्षरें फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या'तील अर्धा र आपला आकार सोडतो. मराठी वळणाचे ल आणि श जाऊन त्यांच्या जागीं हिंदी वळणाचे येतात. छापील पुस्तकासाठीं दोनदोनदां मुद्रितें तपासणारे प्रकाशकहि तोच मजकूर यंत्रावर चढवितांना पुन्हां मुद्रितशोधन करण्याचे कष्ट क्वचितच घेतात. तथापि हे दोष बालवयाचे आहेत. पडदे मोठे होतील, फाँट सुधारतील, प्रकाशकांसहि आज ना उद्यां लाज वाटेल.

न जाणारा दोष यंत्रांत नाहींच; तो करारांत आहे. दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'विकत घ्या' असें लिहिलेलें असतें. परंतु जो करार आपण न वाचतां मान्य करतों, त्याच्या बारीक अक्षरांत असें असतें कीं, ग्राहकास ग्रंथ विकला जात नसून तो वाचण्याची परवानगी तेवढी दिली जात आहे, आणि ती परवानगी दुसऱ्या कोणास देतां यावयाची नाहीं. या परवानगीवर पहारा ठेवण्यासाठीं ग्रंथास एक अदृश्य कुलूप घातलेलें असतें. आमच्या यंत्रांतील एक कथासंग्रह शेजारच्या घरीं वाचावयास द्यावा असें आमच्या मनांत आलें, तेव्हां असें आढळलें कीं, तो द्यावयाचा तर यंत्रच द्यावें लागेल. म्हणजे एक पुस्तक उसनें देण्यासाठीं सारें कपाट उचलून शेजाऱ्याच्या दारांत नेऊन ठेवावें तसें हें झालें.

ही केवळ शब्दांची कुरकुर आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं थोडा इतिहास पाहावा. जुलै २००९ मध्यें अ‍ॅमेझॉननें जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' व 'अ‍ॅनिमल फार्म' या ग्रंथांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या. ज्या व्यापाऱ्यानें त्या विक्रीस ठेवल्या त्यास तसा हक्क नव्हता, हें खरें. ग्राहकांचे पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनीं जाहीर क्षमा मागितली, हेंहि खरें. परंतु ज्या ग्रंथांत सत्ताधारी जुना मजकूर नष्ट करून इतिहास पालटतात, तोच ग्रंथ वाचकाच्या घरांतून रातोरात नाहींसा व्हावा, हा दैवाचा विनोद विसरण्यासारखा नाहीं. छापील पुस्तकांत हक्कभंग झाला म्हणून प्रकाशकाचा माणूस आपल्या कपाटांतून तें काढून नेऊं लागला, तर आपण त्यास दारांत तरी उभें केलें असतें काय? पुढें २०१९ मध्यें मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान बंद केलें, आणि दुकानाबरोबर ग्राहकांनीं तेथून घेतलेलीं पुस्तकेंहि गेलीं. पैसे मिळाले, पुस्तकें गेलीं तीं गेलींच. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अ‍ॅमेझॉननें किंडलसाठीं घेतलेला ग्रंथ संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोयहि काढून टाकली. वाण्याचें दुकान बंद पडलें म्हणून आपल्या डब्यांतील तांदूळ नाहींसे होत नाहींत. येथें मात्र तसें होतें. मग त्यास खरेदी कां म्हणावें?

हा प्रश्न कायद्यासहि अपरिचित नाहीं. अमेरिकेंतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशकानें आपल्या एका कादंबरींत अशी सूचना छापली होती कीं, एका डॉलरहून कमी किंमतीस ती विकणें हा हक्कभंग समजला जाईल. मेसी या दुकानाच्या मालकांनीं ती ८९ सेंटांस विकली. १९०८ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, प्रत एकदां विकल्यावर पुढील विक्रीची किंमत ठरविण्याचा अधिकार प्रकाशकास उरत नाहीं. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांतहि प्रती प्रसृत करण्याचा हक्क सांगतांना, ज्या प्रती अगोदरच प्रसारांत आहेत त्या वगळल्या आहेत. फोर्टांतील पदपथावरचे पुस्तकवाले काय किंवा अप्पा बळवंत चौकांतील जुन्या पुस्तकांचा व्यवहार काय, हा सर्व या तत्त्वाच्या आश्रयानें चालतो. बॉब्ज-मेरिल यांस जें छापील सूचनेनें साधलें नाहीं, तें आजच्या विक्रेत्यांनीं 'विक्री' या शब्दाचा अर्थच काढून घेऊन साधलें आहे. डिसेंबर २०१९ मध्यें युरोपीय संघाच्या न्यायालयानेंहि वापरलेलीं ई-पुस्तकें हक्कधारकाच्या संमतीवांचून पुन्हां विकतां येणार नाहींत, असा निर्णय दिला. कॅलिफोर्निया राज्यानें निदान शब्दाची तरी लाज राखली. १ जानेवारी २०२५ पासून तेथें असा कायदा अमलांत आहे कीं, केवळ परवाना देणाऱ्यानें 'खरेदी' हा शब्द वापरावयाचा तर त्याचा खरा अर्थ ग्राहकास स्पष्टपणें सांगितला पाहिजे.

आतां याचा आपल्या घराशीं काय संबंध, तें पाहूं. मध्यम वर्गाच्या घरांत सोनेंनाणें बेताचेंच असतें; परंतु पुस्तकांचें एक कपाट बहुधा असतें. त्या कपाटांतील पुस्तकावर कोणाच्या मुंजीची तारीख, कोणाच्या हातची 'सप्रेम भेट', कोठें पेन्सिलीनें ओढलेली रेघ असते. तें पुस्तक आजोबांनीं घेतलें, आईनें वाचलें, मुलीनें सासरीं नेलें, आणि अखेर गांवच्या वाचनालयास दिलें, असा त्याचा प्रवास असतो. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्यें आणि मुंबईचें १८९८ मध्यें स्थापन झालें. अशा संस्थांच्या कपाटांतील कित्येक पुस्तकांच्या पहिल्या पानावर देणगीदाराचें नांव आढळतें. ज्या प्रती दुकानांत मिळेनाशा झाल्या, त्या अभ्यासकास पुष्कळदां कोणाच्या तरी घरच्या कपाटांतून आलेल्या देणगींत सांपडतात. कुलूपबंद ग्रंथास हा प्रवासच नाहीं. तो उसना देतां येत नाहीं, दान करतां येत नाहीं, वारसास नांवानें सोडतां येत नाहीं. वाचणाऱ्याचा डोळा मिटला कीं परवानगीहि मिटली. एक पिढी आयुष्यभर ग्रंथांवर पैसे खर्च करील आणि दुसऱ्या पिढीच्या हातीं केवळ एक बंद पाटी ठेवून जाईल, ही कल्पना ज्यांस अस्वस्थ करीत नाहीं, त्यांचें ग्रंथप्रेम आम्हांस समजत नाहीं.

यावर प्रकाशकांचें उत्तर ठरलेलें आहे. ते म्हणतात, कुलूप नसेल तर चोर मोकाट सुटतील आणि लेखक उपाशी मरेल. लेखकास त्याचें मोल मिळालेंच पाहिजे, याविषयीं आमचा यत्किंचितहि मतभेद नाहीं. पण वस्तुस्थिति काय आहे? मराठी पुस्तकांच्या ज्या चोरट्या प्रती मोबाइलवरून घरोघरीं फिरतात, त्यांतील कितीतरी छापील पुस्तकांचीं पानें यंत्रावर ठेवून काढलेल्या छायाप्रती असतात. त्यांच्या आड कोणतें कुलूप आलें? ज्यास चोरी करावयाची आहे, त्यास कुलूप अडवीत नाहीं. तें अडवितें तें पैसे मोजणाऱ्या सज्जनास. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचाच हा प्रकार झाला. अमेरिकेंतील टॉर या नांवाजलेल्या प्रकाशनसंस्थेनें २०१२ मध्यें आपल्या ई-पुस्तकांचीं कुलुपें काढून टाकलीं. पुढें तिनें तींच पुन्हां घातलीं नाहींत. ॲपलनें आपल्या दुकानांतील संगीतावरचीं कुलुपें २००९ मध्येंच काढलीं, म्हणून कांहीं गाण्यांचा व्यापार बुडाला नाहीं. चोरीची भीति फारच असेल, तर ग्रंथाच्या प्रत्येक प्रतींत खरेदीदाराचें नांव गुंफावें. आपलें नांव असलेली वस्तु मनुष्य चारचौघांत उधळीत नाहीं.

दुसरे कोणी म्हणतील, ई-पुस्तक छापील पुस्तकाहून स्वस्त पडतें, मग एवढी तक्रार कशाला? वास्तविक भाडें हें किंमतीहून कमी असावयाचेंच. आमचा आक्षेप भाड्यास नाहीं. महिन्याची वर्गणी घेऊन पुस्तकें वाचावयास देणारीं वाचनालयें आपल्या गांवोगांवीं पिढ्यान्‌पिढ्या चाललीं आहेत. तो व्यवहार सरळ आहे, कारण त्यांत कोणी कोणास फसवीत नाहीं. तोच व्यवहार यंत्रावर कोणीं उघडपणें केला, तर त्याचे वर्गणीदार आम्हीहि होऊं. आमचा आक्षेप भाड्यास 'विक्री' असें नांव देण्यास आहे.

तेव्हां मराठी प्रकाशकांस आमचें मागणें थोडें पण स्पष्ट आहे. आपले ग्रंथ ईपबसारख्या खुल्या रूपांत, कुलुपावांचून, स्वतःच्या दुकानांतून विका. परक्या दुकानांतून विकावयाचे असतील, तरी आपल्या हातीं पर्याय असेल तेथें कुलूप नाकारा. किंडलच्या दुकानांत स्वतः ग्रंथ चढविणाऱ्यास हा पर्याय दिलेला असतो, पण त्याचा विचार करण्याची तसदी घेतली पाहिजे. वाचनालयांस ई-पुस्तकें अशा अटींवर द्या कीं, तीं त्यांच्या संग्रहीं कायम राहतील. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें लोटून ज्या ग्रंथांवर कोणाचाच हक्क उरलेला नाहीं, अशा हरिभाऊ आपट्यांच्या किंवा गडकऱ्यांच्या ग्रंथांचा शुद्ध, तपासलेला युनिकोड मजकूर सर्वांस मोकळा मिळावा, हें आपल्या साहित्यसंस्थांचें काम आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें आपलीं कित्येक प्रकाशनें वाचकांस विनामूल्य उपलब्ध करून दिलीं आहेत. हा पायंडा स्तुत्य आहे. मात्र केवळ छायाप्रतींवर न थांबतां, लहान पडद्यावर वाहता मजकूर मिळेल अशी योजना व्हावी.

वाचकांसहि कांहीं करतां येण्याजोगें आहे. यंत्र अवश्य घ्यावें. पण घेण्यापूर्वीं त्यावर कोणकोणत्या दुकानांतील ग्रंथ चालतात, हें विचारावें. ग्रंथाचे पैसे मोजण्यापूर्वीं तो आपल्या संगणकावर उतरवून ठेवतां येईल काय, उद्यां दुसरें यंत्र घेतल्यास त्यावर उघडेल काय, मुलांस देतां येईल काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचें उत्तर 'नाहीं' असें आल्यास तो ग्रंथ भाड्याचा समजावा आणि भाड्याइतकेच पैसे द्यावेत. जो ग्रंथ आयुष्यभर जवळ असावा असें वाटतें, तो कुलुपावांचून मिळत नसेल तर कागदावरचाच घ्यावा. गिऱ्हाईक विचारूं लागला म्हणजे व्यापारी सुधारतो, हा अनुभव जुना आहे.

यंत्र ही काळाची देणगी आहे, आणि ती आपण नाकारूं म्हटल्यानें नाकारली जाणार नाहीं. कोंबडें झांकून ठेवलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं. परंतु शाई चरबीची कीं तुपाची, एवढ्याच विचारांत जे गुंतून राहतात, त्यांस ग्रंथ कोणाच्या मालकीचा हें विचारण्याचें भान राहत नाहीं. आजच्या वादींत तेंच होत आहे. अक्षर कागदावर असो, पडद्यावर असो. ज्यानें दाम मोजला, त्यास तो ग्रंथ शेजाऱ्यास वाचावयास देतां आला पाहिजे आणि मुलांच्या हातीं सोंपवितां आला पाहिजे. एवढें ज्या विक्रींत मिळत नाहीं, तीस विक्री म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. आणि वाचकांनींहि तयार होऊं नये.